आधी घोडी, मग शिंगरू

पहिल्या दिवशी काजळने मला तोंडसुद्धा दाखवलं नाही. आरे वसाहतीच्या कडेला असलेल्या म्हशींच्या जुन्या गोठ्यात, एका मोठ्या खणात ती कोपऱ्याकडे तोंड करून उभी होती. तिच्या आणि भिंतीच्या मधे तिचं बारा दिवसांचं शिंगरू. दाराची कडी वाजली की तिचा मागचा एक पाय हलकेच उचलला जाई. ती लाथ मारत नव्हती, मारू शकते एवढंच सांगत होती.

ती वरातीच्या कामातून सोडवून आणलेली घोडी. बरगड्या मोजता येत होत्या आणि ओठाच्या कोपऱ्यात लगामाने पडलेला जुना व्रण होता. मुंबईतल्या हौसेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या, पण वरातीच्या घोड्या बँड, फटाके आणि लखलखत्या दिव्यांमधून अजून चालतातच. काजळला माणूस माहीत होता तो असा. तिचं वागणं बिथरल्यासारखं दिसलं, तरी तिच्या अनुभवाला ते अगदी धरून होतं.

घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, ही म्हण लहानपणापासून कानावर आहे. तिच्यातल्या घोड्याच्या अर्ध्या भागाला शरीरशास्त्राचा आधार आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते शेपटीच्या सरळ मागे आणि कपाळाच्या अगदी पुढे. म्हणजे आपण प्रेमाने नाकासमोर हात नेतो, तेव्हा तो हात त्याच्या नजरेतून नाहीसा होतो. म्हणून जायचं ते खांद्याच्या दिशेने, तिरकं, हळू बोलत.

गोठ्यातले मामा आयुष्यभर मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते. त्यांनी मला पहिली सूचना दिली ती वेगळीच: "ताई, कपाळाला आठ्या नकोत." मला वाटलं, माझं टेन्शन कमी करायला म्हणतायत. पण ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली घोड्यांना माणसांचे फोटो दाखवून पाहिले होते. रागीट चेहरा दिसला की घोडे तो डाव्या डोळ्याने पाहत आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढत. डाव्या डोळ्याने पाहिलेलं मुख्यतः मेंदूच्या उजव्या भागाकडे जातं आणि धोक्याची दखल तिथे घेतली जाते. २०१८च्या प्रयोगात तर ज्याचा रागीट फोटो सकाळी पाहिला, तोच माणूस काही तासांनी शांत चेहऱ्याने समोर आला, तरीही घोड्यांनी त्याला डाव्या डोळ्यानेच जोखलं. काजळनेही पहिले कित्येक दिवस मला डाव्याच डोळ्याने पाहिलं. एका घोडीवरून काही सिद्ध होत नाही, पण मी ते रोज पाहत होते.

उपाशी घोडीला पोटभर खायला घालावं असं कुणालाही वाटेल. ते तिच्या जिवावर बेतू शकतं. बराच काळ उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, घातली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढले जातात. मग हृदय बंदही पडू शकतं. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी लसूणघास थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा द्यायला सांगितला. अंगावर पिणारं शिंगरू असल्यामुळे तिची गरज मोठी होती, पण घाई चालणार नव्हती. हे पथ्यच आमच्या कामी आलं. सहा वेळा खाणं म्हणजे सहा भेटी. प्रत्येक भेटीत माणूस येतो, काहीतरी चांगलं ठेवतो आणि काहीही न मागता निघून जातो.

हे निघून जाणं मला शिकावं लागलं. मामा बादली घेऊन चार पावलं आत जात. काजळचा कान मागे वळला किंवा मानेचा स्नायू ताठला की तिथेच थांबत. ती जरा सैलावली, मान इंचभर खाली आली, की त्याच क्षणी एक पाऊल मागे. ताण नेमका कधी सुटला याच्याशी घोडा आपल्या वागण्याची सांगड घालतो. मागे सरायला दोन-चार सेकंद उशीर झाला तर धडा भलत्याच गोष्टीचा होतो. तिने पाय आपटल्यावर मागे सरलो, तर पाय आपटला की माणूस जातो हे ती शिकते. शांत उभी राहिल्यावर सरलो, तर शांत राहून भागतं हे शिकते. दोरीने जखडूनही ती गप्प उभी राहिली असती. पण गप्प उभं राहणं आणि न घाबरणं यात फार फरक आहे, आणि माझ्या मते बचावलेल्या जनावरांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

नवव्या दिवशी तिने मामांचा हात लागू दिला. मामांनी तोंडाला किंवा कपाळाला हात लावलाच नाही. अयाळ संपते तिथे पाठीवर जो उंचवटा असतो, तिथे बोटांनी खाजवलं. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते बहुतेक इथेच. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाने या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. काजळचा वरचा ओठ लांब होऊन थरथरू लागला. मामा पुटपुटले, "बरं वाटतंय गं तुला."

या सगळ्यात शिंगराला आम्ही बोटही लावलं नव्हतं. भेटायला येणाऱ्यांना हे फार जड जाई. एवढंसं, लांब पायांचं पिल्लू, उचलून घ्यावंसं वाटणारच. पण घोडी व्याल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत पिल्लाला चाटून त्याचा वास ओळखून ठेवते आणि पुढे त्याच्या नि जगाच्या मधे तीच उभी राहते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००५ साली एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. शिंगरू जन्मल्यावर पहिले पाच दिवस त्यांनी रोज थोडा वेळ फक्त आईला खरारा केला, हाताने भरवलं. शिंगराला कुणी हात लावला नाही. तरी ती शिंगरं माणसाला लवकर जवळ येऊ देत, आणि वर्षभरानंतरही हा फरक टिकून होता. आईने ज्याला स्वीकारलं, त्याला पिल्लाने स्वीकारलं. आमचे ते पाच दिवस काजळ इथे येण्याआधीच उलटले होते, पण वाट तीच धरायची होती. सोळाव्या दिवशी मामा खरारा करत असताना शिंगरू तिच्या पोटाखालून पुढे आलं, त्यांच्या सदऱ्याची बाही हुंगली आणि उडी मारून परत पलीकडे पळालं. मामांचा हात थांबला नाही. ते खाजवत राहिले, जणू काही झालंच नाही.

घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो, कारण पाय आपोआप ताठ धरून ठेवणारी स्नायूबंधांची रचना त्याच्याकडे आहे. पण स्वप्नांच्या गाढ झोपेत स्नायू सैल पडतात, त्यामुळे त्या झोपेसाठी त्याला आडवंच व्हावं लागतं. आडवा झालेला घोडा पटकन पळू शकत नाही, आणि शिंगरू झोपलेलं असताना आई सहसा उभीच राहून राखण करते. काजळला आल्यापासून कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं.

तेविसाव्या दिवशी दुपारी पत्र्यावर पाऊस कोसळत होता. मी आणि मामा खणाच्या दाराशी पोत्यावर बसलो होतो. शिंगरू उभं राहून कडब्याशी चाळा करत होतं. काजळने पुढचे गुडघे टेकले, जडपणे खाली बसली आणि थोड्या वेळाने कुशीवर कलली. तिच्या पापण्या फडफडत होत्या, एक खूर मधेच हले. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मी हलणार तेवढ्यात मामांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. पाऊस थांबेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.