हरणांचा हंगाम आणि पेन्सिल्व्हेनियाचे पोलीस

नाताळ जवळ आला की अमेरिकेतल्या राज्य पोलीस संघटनांचे सभासद एकमेकांना खुशाली कळवतात. कुणी निवृत्त झालं, कुणाला नात झाली, कुणी जुना सोबती गेला. याच्या जोडीनेच कुणी आठ टोकांच्या शिंगांचा नर टिपला तेही येतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार म्हटलं की आधी गुन्हाच आठवतो, त्यामुळे पोलिसांच्या तोंडी शिकारीच्या गप्पा मराठी वाचकाला चमत्कारिक वाटतील. पेन्सिल्व्हेनियात मात्र त्या दोन्ही गोष्टी सव्वाशे वर्षं एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

साधं कारण पंचांगाचं आहे. तिथे रायफलने हरीण मारण्याचा हंगाम १९६३पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या (हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो) सोमवारी सुरू होई. त्या दिवशी कितीतरी शाळा बंद असत, कारण पोरं बापाबरोबर, आजोबांबरोबर जंगलातल्या लाकडी खोपटात, म्हणजे ‘डिअर कॅम्प’ला गेलेली असत. २०१९मध्ये सोमवारऐवजी शनिवार झाला, पण हंगाम अजून थँक्सगिव्हिंग आणि नाताळ यांच्या मधोमधच येतो. सणाच्या खुशालीत हरीण शिरतं ते असं.

पण खरी गोष्ट याहून जुनी आणि जास्त कडू आहे.

१९०२ साली पेन्सिल्व्हेनियातल्या अँथ्रासाइट कोळशाच्या खाणीतले सुमारे दीड लाख कामगार पाच महिने संपावर होते. त्या काळी खाणमालक आपले खाजगी पोलीस बाळगत. एका डॉलरला एक याप्रमाणे राज्य सरकार मालकांना पोलिसी अधिकारपत्रं विकत असे! हा प्रकार थांबावा, कायदा मालकाचा नव्हे तर राज्याचा असावा, म्हणून गव्हर्नर सॅम्युएल पेनीपॅकर यांनी २ मे १९०५ रोजी राज्य पोलीस दलाच्या कायद्यावर सही केली. शहराचे पोलीस वेगळे, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरीफ वेगळा. हे दल घोड्यावरून खेडोपाडी फिरणारं. हेतू चांगला होता, पण संपकऱ्यांना अनुभव निराळा आला. ते या घोडेस्वारांना ‘कोसॅक’ म्हणत, म्हणजे रशियाच्या झारचे घोडेस्वार.

त्याच कायद्याने या शिपायांना जंगल, वणवा, शिकार आणि मासेमारी यांच्या रक्षकाचेही अधिकार दिले. शिकारीचा कायदा सांभाळणं पहिल्या दिवसापासून त्यांच्या कामाचा भाग होतं, आणि त्याची गरजही होती. बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने पांढऱ्या शेपटीचं हरीण राज्यातून जवळपास संपलं होतं. १८९५मध्ये शिकारीवर देखरेख ठेवणारं गेम कमिशन स्थापन झालं, १९०६पासून मिशिगनहून हरणं आणून सोडली गेली, १९०७पासून फक्त शिंगं असलेला नर मारायची मुभा उरली. आज तिथे जी भरपूर हरणं दिसतात, त्यांची सुरुवात इथे आहे.

पण हे संवर्धन सगळ्यांना सारखं लागू झालं नाही. १९०६मध्ये शिकाररक्षक सीली हूक यांचा खून झाला आणि संशय इटालियन दगडखाण कामगारांवर गेला. १९०९च्या कायद्याने तर नागरिकत्व न मिळालेल्या परदेशी माणसाला शिकारीचीच काय, घरात रायफल किंवा शॉटगन ठेवायचीही बंदी केली. जोसेफ पॅट्सोन या इटालियन माणसाला शॉटगन बाळगल्याबद्दल २५ डॉलर दंड झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९१४मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. ज्या जंगलात कुणी अभिमानाने बापाची बंदूक घेऊन जातो, तिथेच दुसऱ्या कुणाच्या बापाला बंदूक धरायची सोय नव्हती. शिकारीचा हा इतिहास सांगताना एवढं सांगितलंच पाहिजे, असं मला वाटतं.

पोलिसांच्या संघटनांची गोष्ट १९१५मध्ये पिट्सबर्गला सुरू होते. मार्टिन टूल आणि डेल्बर्ट नेगल या दोन शिपायांनी २१ जणांना सोबत घेतलं आणि ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस’ काढली. ‘युनियन’ हा शब्द त्यांनी टाळला, नाव भाईचाऱ्याचं घेतलं. त्यामुळे या संघटनेत पगाराच्या मागणीबरोबर सहली, मेजवान्या आणि विधवांना मदत हेही आलं. सामूहिक वाटाघाटीचा हक्क पेन्सिल्व्हेनियाच्या पोलिसांना १९६८च्या कायद्याने मिळाला, संपाचा मात्र नाही. आपल्याकडे ऑगस्ट १९८२मध्ये मुंबईतल्या पोलीस शिपायांच्या संघटनेची मान्यता गेली, शिपाई रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावं लागलं. ते आठवलं की शिपायांना आपली संघटना असणं ही किती मोठी गोष्ट आहे हे कळतं.

सुरुवातीला राज्य पोलीस दलात अविवाहितच घेत आणि राहणं बराकीत. घरापासून दूर असलेल्या त्या तरुणांना सोबतीच घरच्यासारखे वाटत असणार. १९७२मध्ये स्त्रिया ट्रूपर, म्हणजे या दलाच्या शिपाई, म्हणून आल्या.

१२ सप्टेंबर २०१४च्या रात्री ब्लूमिंग ग्रोव्हच्या बराकीबाहेर दबा धरून बसलेल्या माणसाने कॉर्पोरल ब्रायन डिक्सन यांना गोळ्या घालून मारलं, आणखी एक ट्रूपर गंभीर जखमी झाला. मारेकरी पोकोनोच्या जंगलात शिरला. शोध ४८ दिवस चालला. त्या काळात मन्रो आणि पाइक काउंटींच्या काही भागांत शिकार बंद ठेवावी लागली, कारण झाडीत बंदूक घेऊन उभा असलेला माणूस शिकारी की तोच, हे कळणं शक्य नव्हतं. ३० ऑक्टोबरला तो सापडला. डिक्सन यांच्याच बेड्या त्याच्या हातात घालण्यात आल्या. हरणांचा हंगाम त्या वर्षी १ डिसेंबरला, सोमवारी, ठरल्याप्रमाणे सुरू झाला.