रक्तपेशींची न्यूनता (प्रौढांतील)

रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी वा प्लेटलेट यांपैकी एक किंवा सगळेच घटक कमी होण्याची अवस्था. हा स्वतंत्र रोग नव्हे. मुळाशी दुसरे काही असते. हिमोग्लोबिन पुरुषात १३ व स्त्रीत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरमागे ४,००० हून व प्लेटलेट दीड लाखाहून कमी आल्यास न्यूनता धरतात.

पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. तेथे उत्पादन मंदावते, बाहेर पेशी नष्ट होतात, रक्तस्रावात जातात किंवा वाढलेल्या प्लीहेत (पोटाच्या डाव्या बाजूच्या पाणथरीत) अडकून पडतात.

गोव्यात पावसाळी तापात प्लेटलेट घसरल्या की डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस हे तिन्ही डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. उन्हाळ्यात गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणखी एक कारण असते : माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो. २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावात त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या हंगामात बागेत राबणाऱ्याला ताप असून पांढऱ्या पेशी व प्लेटलेट दोन्ही उतरल्या असतील, तर गोचीड चावली होती का, हे विचारलेच पाहिजे.

‘प्लेटलेट किती झाल्या?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न. डेंग्यूत मात्र जिवावर बेतते ते बहुधा रक्तद्रव वाहिन्यांबाहेर पाझरल्यामुळे. म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण), रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण यांवर नजर हवी.

हळूहळू वाढणाऱ्या न्यूनतेची कारणे वेगळी : बी-१२ वा फोलेटचा अभाव, मद्यपान, यकृताचा सिरॉसिस, एचआयव्ही, क्षय, मेथोट्रेक्झेटसारखी औषधे, क्वचित अप्लास्टिक अ‍ॅनिमिया (मज्जेत पेशी तयार होणेच थांबते तो विकार) वा रक्ताचा कर्करोग. रोज मासे खाणाऱ्यालाही बी-१२ कमी पडू शकते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास किंवा जठराच्या विकारात ते नीट शोषले जात नाही.

निदानाची सुरुवात सीबीसीने, म्हणजे यंत्रावर रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीने होते, पण यंत्राच्या आकड्यावर थांबणे चूक आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीतील ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. यंत्र त्या गुठळ्या मोजत नाही आणि धडधाकट माणसाचा अहवाल ४०,००० दाखवतो. काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की गुठळ्या दिसतात. मग सायट्रेट हे दुसरे रसायन असलेल्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजतात. त्याच काचपट्टीवर मलेरियाचे परजीवी, बी-१२ च्या अभावातील मोठ्या तांबड्या पेशी किंवा ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) अपक्व पेशीही सापडतात. एवढी स्वस्त आणि एवढी बोलकी दुसरी तपासणी नाही. ती टाळू नये.

रेटिक्युलोसाइटची (नव्याने तयार झालेल्या तांबड्या पेशींची) संख्या कमी असल्यास दोष उत्पादनात, वाढलेली असल्यास पेशी नष्ट होत आहेत किंवा रक्त जात आहे, असा कयास बांधतात. पोटाची सोनोग्राफी प्लीहा दाखवते. तिन्ही घटक कमी असून उलगडा होत नसेल, तर कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासतात. त्यासाठी रुग्णाला बांबोळीच्या गोमेकॉसारख्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या) मोठ्या रुग्णालयात जावे लागते.

न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली असताना ताप आल्यास अहवालांची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात प्रतिजैविके सुरू करावी लागतात.