पार्श्वभूमी: पुंगळीतील दारूचे नेमके माप

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात रानडुकरांपासून आणि रोह्यांपासून धान, तूर, हरभरा राखण्यासाठी ज्यांच्या घरी परवान्याची भरमार बंदूक आहे किंवा पूर्वी होती, त्यांना दारूचे माप हा विषय नवा नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही पीक संरक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि ती अपुरी पडते असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तरच त्या कामासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. या भरमार बंदुकीत दारू मापट्याने मोजली जाते, तराजूने नाही, आणि पिढ्यान्पिढ्या ते निभावले आहे. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलाची रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे धातूचे कवच, पुन्हा भरताना मात्र तीच पद्धत जशीच्या तशी वापरता येत नाही. जेथे हा छंद कायदेशीर आहे तेथे लोक दशांश ग्रेनसाठी (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) एवढे का झटतात, हे समजण्यासाठी १८८० ते १९१० या तीस वर्षांकडे पाहावे लागते.

सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू शतकानुशतके मापानेच भरली गेली, कारण तिचा स्वभावच त्याला अनुकूल होता. ती जळून निम्म्याहून अधिक वजन घन राखेच्या रूपात मागे राहते, म्हणजे जोर निर्माण करणारा वायू मुळातच कमी असतो. शिवाय तिची जळण्याची गती दाबाबरोबर फारशी भडकत नाही. मापट्यात चिमूटभर जास्त पडली तर धक्का थोडा वाढतो, धूर वाढतो, नळी जास्त काळी होते आणि बहुधा प्रकरण तेवढ्यावरच थांबते.

धातूची पुंगळी आल्यावर हे काम आणखी सोपे झाले. १८७३ मध्ये अमेरिकेत आलेल्या .४५ रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीत ४० ग्रेन काळी दारू मावत असे. त्या काळातील ४४-४०, ४५-७० अशा नावांतला दुसरा आकडा दारूच्या ग्रेनचाच होता. १८९८ च्या सुमारास आलेल्या .३८ स्पेशलमध्ये सुमारे २१ ग्रेन काळी दारू गोळीच्या बुडापर्यंत भरलेली असे. आपल्याकडच्या नागरी परवान्यांत वारंवार दिसणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरची लांब पुंगळीही १८९६ ची, म्हणजे त्याच युगातील आहे. या सर्व पुंगळ्यांमध्ये एक गोष्ट समान होती, आणि पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे: पुंगळी स्वतःच माप होती. भरणाऱ्याचे लक्ष नसले तरी दुप्पट दारू पडणे शक्य नव्हते, कारण ती बाहेर सांडली असती. आणि कमी पडली तर गोळीखाली पोकळी राहिल्याचे गोळी बसवतानाच हाताला कळत असे.

बिनधुराच्या दारूने ही सोय हिरावून घेतली, पण एकदम नाही. मधल्या काळात एक निर्णय घेतला गेला, आणि माझ्या मते या विषयातील बहुतेक गोंधळाचे मूळ तेथेच आहे. १८६० च्या दशकात एका प्रशियन तोफखाना अधिकाऱ्याने लाकडावर नत्राम्लाची प्रक्रिया करून बंदुकीची नवी दारू तयार केली. धूर अगदी थोडा आणि राख नगण्य, तरीही शिकाऱ्यांनी ती सहज स्वीकारावी म्हणून ती मुद्दाम फुगीर ठेवण्यात आली. जुने मापटे तसेच ठेवा, काळ्या दारूऐवजी तेवढीच नवी दारू घाला, जोर जवळपास तोच मिळेल, अशी ही योजना होती. तीन ड्रॅमचे मापटे काळ्या दारूचे सुमारे ८२ ग्रेन घेई. त्याच मापट्यात या नव्या दारूचे ४२ ग्रेन मावत आणि छर्रे तितक्याच वेगाने जात. इंग्लंडमधील आणि नंतर अमेरिकेतील काही उत्पादकांनी हीच वाट धरली. ग्राहकाला नवे काही शिकावे लागले नाही, याचे त्या काळी मोठे कौतुक झाले.

मग १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या जातीची बिनधुराची दारू आली. नायट्रोग्लिसरीनमध्ये नायट्रोसेल्युलोज विरघळवून केलेली ही दारू घट्ट, जड आणि शिंगासारखी कडक होती. ८२ ग्रेन काळ्या दारूचे काम हिच्या सुमारे २५ ग्रेनमध्ये होत असे, आणि एवढी दारू मापट्याच्या तळाशीच राही. मापटे काठोकाठ भरण्याची ज्यांच्या हाताला सवय होती, त्यांनी तसे भरले की गरजेच्या दुपटीहून कितीतरी अधिक दारू नळीत जाई, आणि बंदुका फुटत. फुगीर आणि घट्ट या दोन्ही दारू अनेक वर्षे एकाच वेळी बाजारात होत्या, दोघींनाही बिनधुराची हेच नाव होते, आणि त्यांतील फरक समजण्यासाठी डब्यावरील मजकूर वाचण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. ग्राहकाला शिकण्याचे कष्ट पडू नयेत म्हणून केलेल्या सोयीनेच त्याला धोक्याच्या वेळी अडाणी ठेवले. सुरुवातीपासून तराजूचा आग्रह धरला असता तर ही दोन दशके इतकी वाईट गेली नसती, असे मला ठामपणे वाटते. फुगीर दारूच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तिच्याशिवाय बिनधुराची दारू लोकांनी इतक्या लवकर घेतलीच नसती. हा मुद्दा खोटा नाही, पण त्याची किंमत कोणी मोजली हेही लक्षात ठेवले पाहिजे.

याच काळातील एक शब्द आजही लोकांना चकवतो. परदेशी बारा बोअरच्या खोक्यांवर अजूनही ‘तीन ड्रॅम इक्विव्हॅलंट’ असे लिहिलेले आढळते. हे आतील दारूचे वजन नाही आणि मापही नाही. इतके ड्रॅम काळी दारू जो वेग देत असे, त्याच्या तोडीचा वेग हे काडतूस देते, एवढाच त्याचा अर्थ आहे. ड्रॅमचे वजन २७.३४ ग्रेन हे ठाऊक असलेला वाचक सरळ गुणाकार करून ८२ ग्रेनवर पोहोचतो, आणि तो आकडा आतील बिनधुराच्या दारूला लावला तर परिणाम भयंकर होतो. आपल्याकडे हा धोका केवळ पुस्तकी नाही. बारा बोअरचे काडतूस फोडून त्यातील दारू भरमार बंदुकीत नेहमीच्या मापट्याने ओतली, तर १८९० च्या दशकातला तोच अपघात शेताच्या धुऱ्यावर घडेल, कारण भरमारची नळी त्या दाबासाठी घडवलेलीच नसते.

रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाच्या बाबतीत अडचण दुहेरी झाली. पुंगळ्या काळ्या दारूच्या मापाच्याच राहिल्या, कारण त्यांच्यासाठीची शस्त्रे आधीच लोकांच्या हाती होती, पण आतली दारू मात्र मूठभराची चिमूटभर झाली. १८९८ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेली चपट्या चकत्यांची एक जलद जळणारी दारू आजही वापरात आहे. नेमबाजीच्या हलक्या .३८ काडतुसात अशी दारू तीन ग्रेनच्या आसपास असते. १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरला आणि तोळ्याच्या ९६ गुंजा धरल्या जातात. त्या हिशेबाने हे वजन दीड गुंजेहून थोडेच अधिक, म्हणजे सोनाराच्या काट्यावर मोजण्याजोगे आहे. ४५ ग्रेन घेणाऱ्या रायफलच्या काडतुसात दशांश ग्रेन इकडेतिकडे झाले तर फरक पाव टक्क्याहून कमी पडतो. तीन ग्रेनमध्ये तोच फरक तीन टक्क्यांहून अधिक होतो. आणि बिनधुराची दारू दाब वाढला की अधिक वेगाने जळते, म्हणून दुप्पट दारूने दाब केवळ दुप्पट होऊन थांबत नाही.

त्यातच रिकाम्या जागेमुळे पुंगळी साक्ष देईनाशी झाली. .३८ च्या पुंगळीत तीन ग्रेनच्या जागी सहा पडले तरी वरून सहज दिसत नाही, आणि काहीच पडले नाही तरी गोळी तितकीच नीट बसते. दारू नसेल तर पुंगळीच्या बुडाशी असलेली, ठिणगी पाडणारी टोपी एकटीच गोळीला नळीच्या मध्यापर्यंत ढकलून तेथेच अडकवते, आणि पुढचा बार तिच्यावर जाऊन आदळतो. म्हणूनच पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करून, गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत दिव्याच्या उजेडात डोकावण्याची शिस्त रूढ झाली. ती आजही कोणत्याही यंत्राहून भरवशाची आहे. १९०२ च्या सुमारास आलेली ९ मिलिमीटरची पुंगळी बिनधुराच्या दारूसाठीच आखली गेली आणि तिच्यात फाजील जागा फार थोडी आहे, त्यामुळे या बाबतीत ती .३८ पेक्षा समजूतदार ठरली.

माप टाकणारे फिरते यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले. वरच्या नळकांड्यात दारू, मध्ये खाच असलेला फिरता गोळ, दांडा वर केला की खाच भरते आणि खाली आणला की पुंगळीत रिकामी होते. काळ्या दारूच्या गोलसर कणांशी त्याचे चांगले जमे. चपट्या चकत्या मात्र खाचेत कधी आडव्या पडतात, कधी उभ्या राहतात, कधी तोंडाशी कमान करून अडकतात. मग एका पुंगळीत कमी पडते आणि अडकलेली पुढच्या पुंगळीत जाते. दांडा प्रत्येक वेळी त्याच जोराने वर-खाली करणे, नळकांडे निम्म्याखाली न जाऊ देणे, सुरुवातीची काही मापे परत ओतणे आणि एकेक माप न तोलता दहा मापे एकत्र तोलून दहाने भागणे, हे सर्व नियम या अडचणीतून निघाले. १९३३ मध्ये अमेरिकेत गोल मण्यांची दारू तयार करण्याची पद्धत निघाली. ते मणी खाचेत पाण्यासारखे वाहतात, आणि यंत्राच्या मापातील फरक एकदम कमी झाला.

पुढच्या काळात दांड्याच्या प्रत्येक खेपेला एक पूर्ण काडतूस देणारी यंत्रे आली, तराजूच्या दांडीला चुंबकाने आवरण्याची सोय झाली, घरगुती इलेक्ट्रॉनिक काटे आले. गोळीचा वेग मोजणारी उपकरणे १८६० च्या दशकापासून लष्करी चाचणी-मैदानांवर होती. ती सामान्य नेमबाजाला परवडू लागल्यावर वाद पुन्हा पेटला. दारू अगदी तोलून भरलेल्या काडतुसांचा वेगही सारखा येत नाही, हे आकड्यांत दिसले. मोठ्या पुंगळीत थोडी दारू पुढे सरकली की मागे, टोपी किती जोरदार, पुंगळीचे तोंड गोळीला किती घट्ट धरते, यांचाही वाटा निघाला. म्हणून मापाने टाकावे आणि तराजूने अधूनमधून तपासावे, असे म्हणणाऱ्यांचे पारडे आज जड आहे. ते मला योग्य वाटते, मात्र तपासणी खरोखर होत असेल तरच. दशांश ग्रेन दाखवणारा काटा दशांशापेक्षा बारीक काही सांगू शकत नाही, आणि तीन ग्रेनच्या मापात तो दशांश किती मोठा असतो हे वर आलेच आहे.

आपल्या भागाची हवा या कामाला आणखी दोन अडथळे घालते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हवा कोरडीठाक होते, आणि चकत्या स्थिर विजेने प्लास्टिकच्या फनेलला चिकटून राहतात. कूलरचा झोत हलक्या पारड्याला हलवण्यास पुरेसा असतो. कोरड्या हवेत दारूतील ओलावाही उडतो. ती हलकी होते आणि थोडी जलद जळते, त्यामुळे पावसाळ्यात बसवलेले माप उन्हाळ्यात पुन्हा तोलून पाहणे आवश्यक ठरते. एकाच नावाच्या दारूच्या दोन घाण्यांची, म्हणजे उत्पादनाच्या खेपांची, घनता तंतोतंत सारखी नसते. कारखान्यांत निरनिराळ्या घाण्यांचे मिश्रण करून हा फरक कमी केला जातो, तरी तो पूर्ण जात नाही, आणि म्हणून नवा डबा उघडला की यंत्राची खाच नव्याने लावावी लागते.

कायद्याच्या दृष्टीने १९५९ च्या अधिनियमाचे पाचवे कलम दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना मागते. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही, त्यामुळे गावाकडील .३२ चा परवानाधारक तयार काडतूसच विकत घेतो.