अंगठा आधी, बोटे नंतर : बोलिंगचा चेंडू सुटतो तेव्हा काय घडते

टेनपिन बोलिंगमध्ये, म्हणजे लेन नावाच्या अरुंद पट्टीवरून जड चेंडू सोडून टोकाला त्रिकोणात उभ्या असलेल्या दहा पिना पाडण्याच्या खेळात, फाउल लाइनपासून (चेंडू सोडताना ओलांडायची नसते त्या रेषेपासून) पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट, म्हणजे सुमारे १८.३ मीटर असते आणि ताशी सत्तावीस किलोमीटरच्या आसपास वेगाने सोडलेला चेंडू ते साधारण अडीच सेकंदांत पार करतो. त्या अडीच सेकंदांत चेंडूने काय करायचे हे हातातून सुटतानाच ठरून गेलेले असते, आणि सुटण्याची ती क्रिया पापणी लवण्यापेक्षाही कमी वेळात उरकते. मुंबई, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यातील मॉलमधल्या लेनवर उतरणारा नवखा खेळाडू, मग तो जवळच्याच सोसायटीत राहणारा असो की दिवाळीच्या सुट्टीत चाकरमानी काकांकडे रत्नागिरीहून आलेला पुतण्या असो, पहिल्या फ्रेमपासून, म्हणजे पहिल्या डावापासून, सगळा भर दंडाच्या ताकदीवर देतो. बहुतेकांचा खेळ तिथेच बिघडतो.

ताकदीची गरज किती कमी आहे, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही कळते. हात खांद्यापासून सैल सोडला आणि मागे गेलेला चेंडू खांद्याच्या उंचीवरून घोट्याच्या उंचीपर्यंत नुसता खाली येऊ दिला, तर ही घसरण सुमारे १.२ मीटरची होते आणि गुरुत्वाकर्षण एकटेच त्याला ताशी साडेसतरा किलोमीटरचा वेग देते. चार पावलांच्या चालीत शरीराला ताशी सात किलोमीटरचा वेग येत असेल तर तोही त्यात मिळतो. म्हणजे हाताने काहीही न ढकलता चेंडू ताशी चोवीस-पंचवीसपर्यंत पोहोचतो. उरलेल्या दोन-तीन किलोमीटरसाठी दंड आवळला की हाताचा झोका सरळ रेषेतून ढळतो, आणि सुटताना दिशा फक्त एका अंशाने चुकली तरी पिनपाशी चेंडू ३२ सेंटिमीटर बाजूला जातो. सगळी लेनच जेमतेम १०५ सेंटिमीटर रुंद आहे.

दुसरा प्रश्न वळणाचा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने पहिली (सर्वांत पुढची) आणि तिसरी (तिच्या उजवीकडे मागची) पिन यांच्यामधल्या जागेत, म्हणजे पॉकेटमध्ये, चेंडू घालायचा असतो. तिथे तो लेनच्या दिशेशी सुमारे सहा अंशांचा कोन करून शिरला तर स्ट्राइकची, म्हणजे एकाच चेंडूत दहाही पिना पडण्याची, शक्यता सर्वांत चांगली असते. तसा शिरलेला चेंडू पिनांच्या धक्क्याने फारसा बाजूला ढकलला जात नाही. तो स्वतः पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी एवढ्या चारच पिनांना शिवतो आणि बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. मात्र लेनच्या अगदी कडेवरून तिरकस सरळ चेंडू टाकला, तरी १८ मीटरमध्ये हा कोन दीड अंशाच्या पुढे फारसा जात नाही. उरलेले अंश मिळवायचे तर चेंडू वाटेत वळायलाच हवा.

वळण हाताने देता येत नाही, ते घर्षण देते. चेंडूचा परीघ सुमारे ६८ सेंटिमीटर असतो. ताशी सत्तावीस किलोमीटर वेगाने न घसरता केवळ गडगडत जायचे असेल, तर त्याला मिनिटाला साडेसहाशेहून अधिक फेरे घ्यावे लागतील. चांगला सराव असलेल्या एकहाती खेळाडूचा चेंडू सुटताना मिनिटाला तीनशे-चारशे फेरे घेत असतो. म्हणून सुरुवातीला तो घसरतच जातो, आणि लेनच्या पहिल्या सुमारे चाळीस फुटांवर तेल लावलेले असल्याने तिथे घर्षणाला फारसे काही करता येत नाही. तेलावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.०४, तर पुढच्या कोरड्या लाकडावर किंवा कृत्रिम पट्टीवर तो ०.२ च्या आसपास असतो. तेलाची हद्द संपली की घर्षण एकदम पाचपट होते, चेंडूची गिरकी तिरक्या अक्षाभोवती असेल तर तो पॉकेटच्या दिशेने खेचला जातो, आणि घसरण पूर्ण थांबून निव्वळ गडगडणे सुरू झाले की वळणेही थांबते. सुटताना मिळालेली गिरकी ही अशी तेलाच्या पलीकडे खर्च होते.

ही गिरकी मिळते ती अंगठा आणि बोटे यांच्या क्रमामुळे. झोका खाली येताना तळहात चेंडूच्या मागे व थोडा खाली असतो. घोट्याजवळ आल्यावर आधी अंगठा चेंडूतल्या त्याच्या छिद्रातून बाहेर येतो. त्या क्षणी सहा-सात किलोंचा चेंडू मधले बोट आणि अनामिका या दोनच बोटांवर टेकलेला असतो आणि चेंडूचा भार त्यांना उलगडू पाहतो. वरून पाहिले तर उजव्या हाताची बोटे घड्याळातल्या चार-पाचच्या आकड्यापाशी असावीत. तिथून ती चेंडूची बाजू वर उचलत बाहेर पडली की पुढची गिरकी आणि बाजूची गिरकी एकत्र मिळतात. अंगठा उशिरा निघाला तर बोटांना काम करायला वेळच उरत नाही. चेंडू हवेत उचलला जाऊन लेनवर धप्पकन आदळतो आणि बरेचदा डावीकडे ओढला जातो. अंगठा फार लवकर सुटला तर उलट चेंडू बोटांवरून खाली घसरतो. मनगट पिळणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने चेंडू भोवऱ्यासारखा जागच्या जागी फिरतो, वळत नाही, आणि मनगट दुखते ते वेगळेच.

अंगठा उशिरा निघण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे चेंडू पडेल या भीतीने आवळलेली मूठ. कोकणपट्टीवर त्यात हवामानाची भर पडते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, स्टेशनवरून चालत आलेल्या माणसाचा हात घामाने ओला असतो, आणि आतल्या एसीच्या गारव्यात बोटे आकसतात. पुढे खेळताना ती पुन्हा फुगतात. एकाच छिद्रात एकच अंगठा एका तासात कधी सैल तर कधी घट्ट बसतो. म्हणून जाणते खेळाडू सुती टॉवेल, हात कोरडा ठेवणारी राळेची पुडी आणि छिद्राच्या आत चिकटवायच्या पातळ पट्ट्या जवळ ठेवतात: अंगठा सैल वाटला की एक पट्टी लावायची, घट्ट वाटला की काढायची. पैसे नव्या चेंडूवर घालण्याआधी या पट्ट्यांवर घालावेत, असे माझे मत आहे.

लेन जवळ नसेल तर सराव किनाऱ्यावरही होतो. दापोलीजवळच्या मुरुड-कर्दे किनाऱ्यावर ओहोटीनंतर ओली वाळू गाड्या धावतील इतकी घट्ट होते. फुटबॉलएवढ्या रबरी चेंडूच्या पोटाभोवती पांढऱ्या चिकटपट्टीचे कडे गुंडाळावे, एका गुडघ्यावर बसून तो हात मागे-पुढे झुलवत जमिनीलगत सोडावा आणि हात पुढे हस्तांदोलनाच्या स्थितीत थांबू द्यावा. कडे स्थिर दिसले तर गिरकी एकाच अक्षाभोवती पडली. ते डगमगले तर बोटे वेगवेगळ्या वेळी सुटली. वाळूवर तेल नसल्याने घसरण आणि उशिरा येणारे वळण इथे दिसणार नाही, आणि हलक्या चेंडूत अंगठ्याचा प्रश्नही उद्भवत नाही. हा सराव फक्त बोटांच्या वाटेसाठी आहे.

लेनवर मिळणाऱ्या भाड्याच्या चेंडूंकडून वळणाची अपेक्षा ठेवू नये. त्यांचे कवच बहुधा गुळगुळीत पॉलिएस्टरचे असते आणि कोरड्या भागावरही ते फारसे पकडत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन या जास्त पकड घेणाऱ्या प्लास्टिकच्या कवचांनी ही पकड पुष्कळ वाढवली, पण ते चेंडू सहसा खेळाडूच्या स्वतःच्या मालकीचे आणि त्याच्याच हाताच्या मापाने छिद्रे पाडलेले असतात. भाड्याचा चेंडू घेताना अंगठा आत घालून गोल फिरवून पाहावा: कातडी न ओढता तो फिरला पाहिजे, तरीही कडांना हलका स्पर्श जाणवला पाहिजे. ६ ते १६ पौंडांच्या चेंडूंतून जो हात सैल ठेवून झुलवता येतो तोच निवडावा, आणि दोन-तीन खेळांनंतर पंजा थकून मूठ आपोआप आवळू लागली की निःसंकोच एक-दोन पौंड हलका चेंडू उचलावा.