नदीसाठी बांधलेली केंद्रे आणि हवेचा राहून गेलेला हिशेब

मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट मैलापाणी भरलेल्या बाटल्यांत हवा सोडत होते. पहिल्या खेपेला पाण्यातल्या अमोनियाचे पूर्णपणे नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचे निवळलेले पाणी काढून टाकले, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर ताजे मैलापाणी ओतले. असे पुन्हा पुन्हा केल्यावर तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागले, कारण गाळात जिवाणूंची दाट वस्ती तयार झाली होती. एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि त्या गाळाला ‘सक्रिय गाळ’ असे नाव दिले. जगभरातली बहुतेक मोठी शहरी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आजही याच पद्धतीच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात.

शोधामागची निकड नदीची होती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने लंडनचे संसदभवन हैराण झाले होते. पुढे ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२ मध्ये नदीत सोडायच्या पाण्यासाठी मापदंड सुचवला: लिटरमागे ३० मिलिग्रॅम तरंगते घन पदार्थ आणि २० मिलिग्रॅम जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. पुढची कित्येक दशके केंद्राचे यश अशाच आकड्यांवर ठरले. नळीतून बाहेर पडणारे पाणी रोज तपासले जाई, पण टाकीच्या पृष्ठभागावरून काय उडून जाते हे मोजायचे कुणाच्या मनात आले नाही. त्या काळातल्या अभियंत्यांना यासाठी दोष देणे मला पटत नाही. कॉलरा आणि मेलेली नदी डोळ्यांपुढे असताना त्यांनी जे करायला हवे होते, तेच केले.

अशा उडून जाणाऱ्या वायूंपैकी मिथेन मात्र त्यांना ठाऊक होता, तोही इंधन म्हणून. इंग्लंडमधल्या एक्सेटरला डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास आपल्या सेप्टिक टाकीतला वायू गोळा करून दिवे पेटवले होते. गाळ बंद टाकीत कुजवून बायोगॅस मिळवण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

खरी गुंतागुंत नायट्रोजनमुळे झाली. १९१३ पासून हवेतला नायट्रोजन कारखान्यात अमोनियात बांधला जाऊ लागला. खत, पीक, अन्न आणि माणूस अशी वाट चालत त्यातला मोठा वाटा शहरांच्या गटारांत येऊ लागला. खाड्या आणि तलाव शेवाळाने भरले, तेव्हा नुसती घाण काढून भागेना. नायट्रोजनही काढावा लागला. त्यासाठी १९६० आणि ७० च्या दशकांत दोन टप्प्यांची पद्धत रुळली. आधी हवा देऊन अमोनियाचे नायट्रेट करायचे, मग हवा बंद करून जिवाणूंकडून नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करवून घ्यायचा. युरोपने १९९१ च्या निर्देशाने संवेदनशील जलाशयांच्या काठच्या मोठ्या शहरांना हे बंधनकारक केले. जलाशय सुधारले, यात शंका नाही.

पण या दोन्ही टप्प्यांत काम अर्धवट राहिले की नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकी उष्णता अडवतो. शिवाय तो वर चढून ओझोनच्या थराला झिजवतो. त्यामागचे रसायन शास्त्रज्ञ पॉल क्रुट्झेन यांनी १९७० मध्येच दाखवले होते.

तरी हिशेबाच्या वहीत हा वायू फार उशिरा आला. देशांनी आपले उत्सर्जन कसे मोजावे हे सांगणाऱ्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रक्रिया केंद्रासाठी माणशी वर्षाला ३.२ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड धरला. त्याला आधार होता १९९५ च्या एका अभ्यासाचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका छोट्या केंद्रावरचा. २०१९ मध्ये ती मार्गदर्शिका सुधारली आणि हवा देऊन चालणाऱ्या केंद्रांसाठी, येणाऱ्या नायट्रोजनच्या १.६ टक्के, असा नवा गुणक आला. माणशी दिवसाला १२ ग्रॅम नायट्रोजन धरून गणित केले तर वर्षाला सुमारे ७० ग्रॅम नायट्रोजन उडतो, म्हणजे त्याला जोडलेल्या ऑक्सिजनचे वजन धरून सुमारे ११० ग्रॅम नायट्रस ऑक्साइड होतो. म्हणजे जुन्या आकड्याच्या तीस पटींहून जास्त! कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत हे सुमारे ३० किलो. कोळशाची वीज वापरणाऱ्या केंद्राचे विजेपोटीचे माणशी उत्सर्जनही साधारण याच पातळीवर असते. वीज पुढे स्वच्छ होत जाईल, पण टाकीतला वायू तसाच राहील.

उत्सर्जन घटवण्याचे पहिले प्रयत्न नेमके या वायूकडे न बघता झाले, म्हणून हा तपशील महत्त्वाचा आहे. केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त वीज हवा फुंकणारे ब्लोअर खातात. साहजिकच हवा कमी करण्याकडे सगळ्यांचा कल राहिला. पण ऑक्सिजन अपुरा पडला की अमोनियाचा नायट्रेटकडचा प्रवास मधल्या नायट्राइटपाशी अडखळतो, नायट्राइट साचतो आणि नायट्रस ऑक्साइड वाढतो. विजेच्या बिलात दिसणारी बचत हवेत व्याजासकट फेडावी लागू शकते. बायोगॅस वाढवण्यासाठी सुरुवातीलाच जास्त गाळ काढून घेतला, तर दुसऱ्या टप्प्यातल्या जिवाणूंना लागणारा कार्बन कमी पडतो आणि त्यांचे काम अर्धवट राहते. रॉटरडॅमच्या डॉकहेवन केंद्रात २००२ मध्ये अ‍ॅनामॉक्स जिवाणूंची, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइटचा ऑक्सिजनशिवाय थेट नायट्रोजन वायू करणाऱ्या जिवाणूंची, पहिली मोठी टाकी सुरू झाली. या पद्धतीत हवा खूपच कमी लागते, पण त्याही प्रक्रियेतून मोजण्याजोगा नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो, हे नंतरच्या मोजमापांतून दिसले.

हेलसिंकीचे विकिनमाकी केंद्र खडकाच्या पोटात आहे. तिथली सगळी हवा एकत्र बाहेर काढली जाते, त्यामुळे अख्ख्या केंद्राचे उत्सर्जन सलग मोजता आले. अशा दीर्घ मोजणीतून कळले की हा वायू एकसारखा सुटत नाही. ऋतूनुसार, कधी एकाएकी, तो उसळतो. एखाद्या दुपारी घेतलेल्या चार नमुन्यांवर विसंबणे किती फसवे होते, ते इथे उमगते.

मिथेनच्या बाबतीत वाट सोपी आहे. मेलबर्नजवळच्या वेरिबी इथल्या १८९७ पासून चालू असलेल्या केंद्राने आपल्या उघड्या तलावांवर आच्छादने घातली. दुर्गंधी कमी झाली आणि गोळा झालेल्या वायूपासून वीज मिळू लागली. मात्र गाळ कुजवणाऱ्या पाचन टाक्यांची गळती आणि पंपाने मैलापाणी ढकलणाऱ्या दाबनलिकांत तयार होणारा मिथेन अजूनही बऱ्याच ठिकाणी मोजलाच जात नाही.

यावर कुणी म्हणेल, मग नायट्रोजन काढूच नये. तसे केले तर तोच नायट्रोजन नदीत जातो, शेवाळ माजवतो आणि त्याचा काही भाग नदीतच नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हवा पुरेशी द्यायची, नायट्राइट साचू द्यायचा नाही, नायट्रोजनचा भार टाकीत एकदम न सोडता सावकाश सोडायचा, या साध्या दिसणाऱ्या उपायांनी पाणी न बिघडवता वायू घटतो. त्यासाठी वर्षभर मोजत राहावे लागते.

युरोपने २०२४ मध्ये १९९१ चा निर्देश बदलला. दहा हजार लोकसंख्येइतका किंवा त्याहून जास्त भार असलेल्या केंद्रांनी मिळून २०४५ पर्यंत आपल्या वापराइतकी ऊर्जा नूतनक्षम स्रोतांतून निर्माण करावी, असे त्यात आहे. त्याच निर्देशात केंद्रांतून सुटणाऱ्या हरितगृह वायूंवर देखरेख ठेवण्याचे कलमही आले आहे.