मलाक्कात पहिले दोन दिवस, आणि तिथे भेटलेला गोवा

क्वालालंपूरहून बसने दोनेक तासांत मलाक्का येतं, मलेशियाचं जुनं बंदर. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांसारखेच लाल चौकात गेलो, लाल चर्च, लाल स्टॅडहाउस म्हणजे डचांची जुनी कचेरी, फुलांनी मढवलेल्या सायकलरिक्षा, आणि फोटो काढून झाल्यावर कळलं की इमारती डचांच्या असल्या तरी हा रंग डचांचा नाहीच, तो इंग्रजांच्या काळात १९११ मध्ये लागला, आधी त्या पांढऱ्या होत्या. तिथून इतिहासात मागे मागे जात गेले ते थेट गोव्यालाच पोचले.

गावाचं नाव आपल्या ओळखीचंच आहे. साधारण १४०० च्या सुमारास परमेश्वर नावाचा सुमात्राकडचा राजपुत्र इथे आला आणि ज्या झाडाखाली बसला त्याचंच नाव त्याने गावाला दिलं, अशी कथा सांगतात. ते झाड म्हणजे आपला आवळा! आमलक आणि मलाका शेजारी ठेवून बघा.

बंदर मोठं झालं ते वाऱ्यामुळे. आपल्याकडची जहाजं एका मोसमी वाऱ्यावर यायची, चीनची दुसऱ्या, आणि परतीचं वारं सुटेपर्यंत सगळ्यांना महिनोन्महिने इथेच राहावं लागायचं, मग गोदामं झाली, वस्त्या झाल्या, लग्नं झाली. इथल्या सुलतानाने परदेशी व्यापाऱ्यांवर चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले होते, त्यातला एक नुसता गुजराती लोकांसाठी! कापड यायचं, लवंग-जायफळ जायचं.

हे सगळं पोर्तुगीजांना हवं होतं. त्यांच्या अल्बुकर्क या गव्हर्नरने नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा घेतला आणि ऑगस्ट १५११ मध्ये मलाक्का, म्हणजे मध्ये जेमतेम नऊ महिने. गोव्यावर लिस्बनचं राज्य होतं एवढंच आपल्या डोक्यात असतं, पण गोवा स्वतःही राजधानी होता, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मकावपर्यंतचा पोर्तुगीज मुलूख गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता आणि त्यातच मलाक्का. मला वाटतं मलाक्का बघताना हे एवढं माहीत असलं तरी पुरे, बाकीचं आपोआप जुळत जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट पॉल टेकडी चढलो. वर १५२१ सालच्या चर्चच्या नुसत्या भिंती उरल्यात, छप्पर नाही, आणि आत जमिनीत एक रिकामा खड्डा, वर लोखंडी जाळी, आत लोकांनी टाकलेली नाणी. सेंट फ्रान्सिस झेवियर डिसेंबर १५५२ मध्ये चीनजवळच्या बेटावर वारले, त्यांचं शव पुढच्या मार्चमध्ये इथे आणलं, ते वर्षअखेरपर्यंत इथे होतं आणि मग गोव्याला नेलं. जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये आपण रांगेत उभं राहून ज्यांचं दर्शन घेतो त्यांची ही आधीची जागा, मी तिथे बराच वेळ उभी होते. भिंतींना डचांचे उंचच्या उंच थडग्याचे दगड टेकवून ठेवलेत.

टेकडीखाली पोर्तुगीज किल्ल्याची एक वेस तेवढी शिल्लक आहे. जवळ जाऊन वर बघा, तिच्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह आणि १६७० साल कोरलंय, कारण १६४१ मध्ये डचांनी गाव जिंकलं आणि वेस दुरुस्त करून आपली खूण उमटवली. पुढे इंग्रज आले, त्यांनी १८०७ च्या सुमारास किल्ला सुरुंग लावून उडवला, रॅफल्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मध्ये पडून थांबवलं म्हणून ही वेस वाचली. डचांशी झालेल्या १८२४ च्या तहात मलाक्का कायमचं इंग्रजांकडे गेलं आणि १८६७ पर्यंत पुन्हा भारतातूनच, कलकत्त्याहून, चालवलं गेलं.

नदीपलीकडच्या गल्लीत १७८१ सालचं गणपतीचं देऊळ आहे, तमिळ व्यापाऱ्यांच्या वंशातल्या चिट्टी लोकांचं, जागा डचांनी दिलेली. गणपती बघून बरं वाटलंच.

पण माझं मन अडकलं ते गावाबाहेरच्या समुद्रकाठच्या पोर्तुगीज वस्तीत. तिथली म्हातारी माणसं अजून क्रिस्तांग बोलतात, पोर्तुगीज आणि मलाय मिसळून झालेली भाषा. आपल्या रायगडात रेवदंड्यापलीकडे कोर्लईला किल्ल्याखालच्या गावात अशीच पोर्तुगीज-मराठी मिसळलेली बोली घराघरात आहे. कोर्लईशेजारचं पोर्तुगीजांचं चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, मलाक्का त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी पोर्तुगीजांच्या हातून गेलं, आणि दोन्हीकडे लोक अजून तेच बोलतायत.