बिनपाइपाची गाडीधुलाई

नळाला पाइप न जोडता, बादलीभर किंवा त्याहूनही कमी पाण्यात मोटारीची बाहेरची बाजू स्वच्छ करण्याची आणि तिच्या रंगावर संरक्षक थर चढवण्याची पद्धत. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत : सात-आठ लिटर पाण्यात खास द्रावण मिसळून गाडी पुसणे आणि नंतर पुन्हा पाणी न ओतता ती कोरडी करणे (रिन्सलेस वॉश), किंवा बाटलीतले द्रावण फवारून थेट पुसून घेणे (वॉटरलेस वॉश). रोज सकाळी ओले फडके फिरवणे हा तिसरा प्रकार. नाशिकमध्ये सर्वांत जास्त चालतो तो हाच, पण त्याला धुणे म्हणावे का, हा प्रश्नच आहे.

सिडको, इंदिरानगर किंवा गंगापूर रोडच्या सोसायट्यांमध्ये सकाळी सहा-साडेसहाला गाड्या पुसणारा येतो. हातात अर्धी बादली आणि दोन फडकी. पहिल्या गाडीपाशी पाणी नितळ असते, चौथ्या गाडीला ते चहाच्या रंगाचे होते, आणि दहावी गाडीही त्याच पाण्यात उरकते. ठरलेल्या महिन्याच्या पैशांत त्याने तरी किती बादल्या वाहायच्या? पण फडके पिळताना हाताला जी कचकच लागते, तीच गाडीच्या रंगावरूनही फिरलेली असते. वर्ष-दीड वर्षात काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी केली, की बॉनेटवर पडलेल्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळिष्टकासारखी गोल जाळी दिसू लागते. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीच्या रंगाची बारकाईने निगा राखणारे, तिला ‘स्वर्ल’ म्हणतात. महिन्यातून दोनदाच बाहेर निघणाऱ्या गाडीवरही ती पडते, कारण ती येते पुसण्याने.

रंग आणि धूळ : आजच्या मोटारीवरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचे असतात. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, क्लिअरकोट, ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर गाडीची सगळी चकाकी अर्ध्या-पाऊण केसाएवढ्या थरावर टिकून असते. ‘रबिंग-पॉलिश करून घेऊ’ म्हणतात तेव्हा हाच थर थोडा घासून कमी केला जातो. तो पुन्हा वाढत नाही.

नाशिकची धूळ या थराला चांगलीच जड जाते. शहर बसलेय दख्खनच्या बसाल्टवर. डोंगर फोडून क्रशरमधून निघालेली खडी आणि क्रश सँड बांधकामांवर येते, आणि त्यांची भुकटी रस्त्यावर. बसाल्टमधली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे मोह्जच्या कठीणतेच्या मापात साधारण ५ ते ६.५ वर येतात, वाळूतले क्वार्ट्‌झ ७ वर. क्लिअरकोट कितीही चकाकला तरी शेवटी रेझिनचा पापुद्रा. शिवाय क्रशरची कच नदीच्या वाळूसारखी गोलसर झालेली नसते, तिला धार असते. कोरड्या फडक्याखाली असा एकच कण सापडला, तरी तो दारभर रेघ ओढत जातो.

पाइपचे खरे काम इथेच असते. हात लागण्याआधी तो ही कच उचलून वाहून नेतो. पाइप काढून टाकला, की उचलण्याचे काम दुसऱ्या कशाने तरी करावे लागते. रिन्सलेस द्रावणातली पॉलिमरे आणि पृष्ठक्रियाशील घटक (साबणात असतात तसे, मळ सोडवणारे) धुळीच्या कणाला वेढतात, रंगावर बुळबुळीत थर धरतात आणि कणाला फडक्याच्या तंतूंत जाऊ देतात. फेस जवळजवळ होत नाही, त्यामुळे तो काढण्यासाठी पाणी लागत नाही. या प्रकारातले बहुधा सर्वांत ओळखीचे उत्पादन म्हणजे अमेरिकेतल्या ऑप्टिमम कंपनीचे ‘नो रिन्स’. त्याचे नेहमीचे प्रमाण एकास २५६, म्हणजे साडेसात लिटर पाण्यात जेमतेम ३० मिलि. भारतीय बाजारातही आता असे बरेच पर्याय मिळतात, आणि प्रत्येकाचे प्रमाण निराळे असते. ‘थोडे जास्त टाकू, जास्त स्वच्छ होईल’ या हिशेबाने हात सैल सोडला, तर काचेवर तेलकट ओघळ राहतात.

घरातल्या वस्तू इथे कामाच्या नाहीत. रुपयाच्या पुडीतला केसांचा शाम्पू, भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर या सगळ्यांना फेस येतो आणि तो धुऊन काढायला बादल्याच्या बादल्या लागतात. वर साबण-पावडर आधीचे वॅक्सही घेऊन जाते. रॉकेल किंवा डिझेलचे फडके फिरवून गाडी चमकवण्याची रीत टॅक्सी-ट्रकवाल्यांत जुनी आहे. चमक येते, पण तेलकट थरावर तासाभरात नवी धूळ बसते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात.

पाण्याचा हिशेब : उघड्या पाइपातून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी सहज जाते. दहा मिनिटांत १०० ते १५० लिटर होतात, आणि मधे फोन आला तर त्याहून जास्त. रिन्सलेसला एक बादली, तीही अर्धी. नाशिकचे पिण्याचे पाणी मुख्यतः शहराच्या वरच्या अंगाला गोदावरीवर असलेल्या गंगापूर धरणातून येते. पाऊस ओढ देतो त्या वर्षी दिवाळीच्या आसपास जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद उभा राहतो, कपातीची चर्चा सुरू होते, आणि पार्किंगमधला पाइप लोकांच्या डोळ्यांत खुपू लागतो. काही शहरांनी यावर थेट बंदी आणली. बंगळुरूच्या जलमंडळाने मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड जाहीर केला होता. नाशिकमध्ये कळीचा मुद्दा नदीचा. गोदाघाटावर रिक्षा, टेम्पो थेट पात्राकडेला नेऊन धुणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. गोदावरीच्या प्रदूषणाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेल्यापासून त्यावर मनाई आहे. तेल, ग्रीस आणि ब्रेकची काजळी रामकुंडाच्या पाण्यात जाऊ नये, हे सांगायला खरे तर न्यायालय लागायला नको होते.

कृती : गाडी सावलीत उभी करावी आणि बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या पत्र्यावर द्रावण पुसण्याआधीच सुकते. बादलीत आधी द्रावण, मग पाणी. त्यात आठ-दहा मायक्रोफायबरची फडकी भिजत टाकावीत. तेच पाणी थोडे हाताने दाबायच्या फवारणी-बाटलीत भरावे, कुंड्यांना पाणी मारायला वापरतात ती दीड-दोन लिटरची. द्राक्षबागेतला पाठीवरचा पंप काहीजण वापरतात. तो चालतो, पण तणनाशक किंवा बुरशीनाशक भरलेला पंप कितीही खंगाळला तरी गाडीसाठी वेगळा ठेवलेला बरा.

आता एका वेळी एकच भाग. समजा, टप. त्यावर फवारून मिनिटभर थांबायचे, धूळ भिजून सुटू द्यायची. मग बादलीतले एक फडके उचलून हलके पिळायचे, पाणी टपकत राहील इतके. दोनदा घडी घातली की चौकोनी फडक्याच्या आठ बाजू मिळतात. एक बाजू घेऊन, जोर न देता, सरळ रेषेत एकदाच ओढायची. गोल गोल फिरवायचे नाही. बाजू मळली की उलटायची, आठही संपल्या की फडके बाजूला टाकायचे. ते परत बादलीत गेले, तर सकाळच्या त्या अर्ध्या बादलीत आणि हिच्यात काही फरक उरत नाही. लगेच दुसऱ्या, कोरड्या आणि जाड फडक्याने तेवढाच भाग टिपून घ्यायचा. टपानंतर काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर, कारण सगळ्यांत जाड कच तिथेच असते. चाकांना वेगळी फडकी, तीही जुनी. सवय झाली की मध्यम गाडीला अर्धा-पाऊण तास लागतो.

फडकी धुताना सुती कपड्यांत मिसळू नयेत आणि कम्फर्टसारखे फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये. तंतूंवर थर बसतो आणि फडके पाणी टिपेनासे होते. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवशी रंगाला लावायचे नाही. हा नियम सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा.

वॉटरलेस प्रकारात बादलीही नसते. अर्ध्या लिटरच्या आत सगळे आटोपते, पण तो एका रात्रीच्या हलक्या धुळीपुरताच. बोट फिरवून नाव लिहिता येईल इतकी धूळ असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाणी कोणते : बोअरवेलचे पाणी बऱ्याच सोसायट्यांत जड असते. ते सुकले की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके रंगावर आणि काचेवर राहतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम धरली आहे. गाडीला पहिला आकडाही जास्तच वाटतो. घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पाणी वाचते हे खरे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, कारण यंत्राने गाळून वेगळे काढलेले क्षार त्यातच येतात. ते फरशीला, चाकांना, फार तर पायपुसण्यांना वापरावे. रंगासाठी उलट एसीच्या नळीतून टपकणारे पाणी चांगले. हवेतल्या बाष्पाचे ते पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. उन्हाळ्यात घरचा एसी रात्रभर चालला, की सकाळी तिथेच बादलीचा तळ झाकलेला असतो. जुने ठिपके पांढरे व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून, सावलीत, अर्ध्या मिनिटापुरते लावल्यास बरेचदा निघतात.

स्थानिक डाग : आंब्याखाली उभी केलेली गाडी मोहराच्या दिवसांत चिकट ठिपक्यांनी भरते. तुडतुड्यांचा हा चिकटा साखरेचा असतो. भिजवला की सुटतो, कोरडा पुसला की धुळीसकट पसरतो. पक्ष्यांची विष्ठा जास्त वाईट. उन्हात रंग तापून मऊ पडतो आणि थंड होताना वाळलेल्या विष्ठेभोवती आवळतो. तिच्यातल्या आम्लाची त्यात भर, आणि पत्र्यावर तिचा ठसा उमटतो. तिच्यावर भिजलेले फडके पाच मिनिटे नुसते ठेवून वरच्या वर उचलावे.

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या रस्त्यांवर आणखी एक प्रकार घडतो. बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू असेल आणि वारा रस्त्याकडे असेल, तर मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे बारीक निळसर तुषार गाडीवर बसतात. सुकल्यावर त्यांची पूड होते. घरी येईपर्यंत थांबावे, दोनदा फवारून भिजवावे, मगच फडके लावावे. वायपर चालवण्याचा मोह आवरावा.

संरक्षण : बिनपाइपाच्या धुलाईला संरक्षक थराची जोड फार उपयोगी पडते, कारण गुळगुळीत रंगावर धूळ घट्ट बसत नाही. कार्नोबा वॅक्स ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण. ते ८२ ते ८६ अंशांना वितळते. चमक सुंदर, टिकाऊपणा महिना-दोन महिने, आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये उघड्यावर उभ्या गाडीला त्याहून कमी. कृत्रिम सीलंट, म्हणजे मेणाऐवजी पॉलिमरचा थर, चार-सहा महिने जाते. घरी धुणाऱ्याला हेच परवडते : गाडी ओलसर असताना दोन फवारे मारून पुसले की झाले. सिरॅमिक कोटिंग सिलिकाधारित असते आणि नीट लावल्यास दोनेक वर्षे काम देते. त्याच्या जाहिरातीतला ‘९एच’ ऐकून लोकांना हिऱ्याच्या जवळपासचे काहीतरी वाटते. हा आकडा पेन्सिलीच्या कठीणतेचा आहे. ९एच पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, इतकाच त्याचा अर्थ. क्रशरची कच पेन्सिलीने लिहीत नाही. दगड-खडीपासून खरोखर वाचवते ती पीपीएफ, १५० ते २०० मायक्रॉनची पॉलियुरेथेनची फिल्म. तिची किंमत ऐकून बहुतेकजण सीलंटवरच समाधान मानतात.

मर्यादा : पावसाळ्यात त्र्यंबक-हरिहरकडून किंवा शेतवाटेवरून आलेल्या गाडीला ही पद्धत लावू नये. काळ्या मातीतली मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणखनिजे पाणी पिऊन फुगतात आणि वाळली की गिलाव्यासारखी घट्ट होतात. चाकांच्या कमानींत आणि खालच्या पत्र्यावर साचलेला असा चिखल जोराच्या पाण्यानेच निघतो. त्या दिवशी वॉशिंग सेंटर गाठावे, आणि तिथे पोरगा जमिनीवरचा ब्रश उचलून बॉनेटला लावत नाही ना, एवढे पाहावे.

खंडेनवमी : वर्षातली सर्वांत कसून होणारी धुलाई खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची, आणि सर्वांत हट्टी डागही त्यानंतरचे. बॉनेटवर काढलेले स्वस्तिक, ओल्या हळदीची बोटे, झेंडूच्या हाराखाली रात्रभर साचलेला ओलावा. गाडी पांढरी असेल तर अधिकच. धुतल्यावर सीलंटचा हात आधीच फिरवून ठेवला, तर रंग वरच्या वर राहतो. हार दुसऱ्या दिवशी काढून टाकावा. कुंकू बरेचदा कृत्रिम रंगाचे असते, ते वाळायच्या आत टिपावे. हळदीचा पिवळा डाग राहिलाच, तर तो घासत बसू नये. हळदीतले कुर्क्युमिन उन्हात विरते, त्यामुळे गाडी दोन-तीन दिवस सकाळच्या उन्हात उभी केली, की डाग आपोआप फिका पडत जातो.